चार महिन्यांच्या अंतराचे दोन मुलगे

परळच्या एसटी डेपोतून सकाळची गाडी सुटली तेव्हा आई, वडील आणि धाकटी बहीण गाडीत होती आणि मी खाली उभा होतो. स्थलांतराच्या आठवणी लिहिणारा माणूस सहसा गाडीत बसलेला असतो आणि मागे पडणारं घर बघत असतो. माझं उलट झालं. घर गाडीत बसून मालवणकडे निघून गेलं आणि मी जन्मल्या जागी, म्हणजे लालबागेत, एकाएकी पाहुणा झालो.

गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. पहिले तीन महिने ते रोज दाढी करून गेटसभेला जात. पुढे सभा राहिली, मग दाढीही राहिली. आमची खोली मुळात मामाच्या नावावर होती आणि मामाला ती हवी झाली. गावात निदान भातशेतीचे चार कुणगे होते. मी दहावीत होतो आणि माझी दहावी मुंबईतच व्हावी यावर घरात एकमत होतं. त्या वर्षी मान्य झालेली, माझ्या माहितीतली, ती एकमेव मागणी.

निरोप घेताना माणसं काहीतरी मोठं बोलतात असं मी पुस्तकांत वाचलं होतं. वडील खिडकीतून म्हणाले, "धावी पुरी कर. मगे काय ता बघू." आई म्हणाली, "जेवताना लाजा नको. होया तर मागान घे." गाडी वळली. माझी पत्र्याची ट्रंक सदाने आधीच डोक्यावर घेतली होती.

"चल रे," तो म्हणाला. "पुतळ्यासारखो काय उभो रवलंस? हार घालूक कोण येवचा नाय."

सदा म्हणजे सदानंद परब. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच खात्यात, एकाच पाळीला. संपाच्या वर्षी दोघांच्या घरी मिळून पुस्तकांचा एकच संच घेणं परवडलं, तेव्हा सदाने इतिहासाचं पुस्तक मधोमध फाडलं. पहिला अर्धा भाग त्याने घेतला, दुसरा मला दिला. दिवाळीत अदलाबदल करायची असं ठरलं होतं, पण तोवर त्याच्या भागाची पानं सुटून गेली. परिणामी सदाला साम्राज्यांचा उदय पाठ होता आणि मला ऱ्हास. पुढे आयुष्यात माझ्याच भागाचा उपयोग जास्त झाला, हे मी त्याला अनेकदा ऐकवलं आहे.

परबांची खोली घोडपदेवला, दुसऱ्या मजल्यावर. लालबागेतून चालत वीस मिनिटं. पुढे काही वर्षांनी नोकरीसाठी मी विमानाने साडेचार हजार किलोमीटर लांब गेलो. तिथे पोचल्यावर काय करायचं हे कंपनीने छापून दिलं होतं. त्या वीस मिनिटांनंतर दारात चप्पल कुठे काढायची हेही मला कळेना. वास्तविक त्या दारात मी शेकडो वेळा चप्पल काढली होती. पण तेव्हा ती तासाभरासाठी असे.

सदाच्या आईने ट्रंक पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "हात धुवा दोघांनी." आगतस्वागत एवढंच.

तिला मी काकी म्हणत असे, सदा आये. तिच्यापुढे पहिला प्रश्न रेशनचा होता. संपात गिरणगाव रेशनच्या तांदळावर आणि साखरेवर तगून होतं आणि ते डोक्यांवर मोजून मिळे. माझं डोकं वडिलांच्या कार्डावर होतं आणि ते कार्ड गावी गेलं होतं. काकी मला घेऊन रेशनिंग ऑफिसात गेली. कारकून म्हणाला, "पुतण्या, भाचा, कुणी असेल तर जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा."

"झिल हा माझो," काकी म्हणाली.

त्या काळी कारकून कागदापेक्षा बाईच्या आवाजावर विश्वास ठेवत. त्याने नाव विचारलं, वय विचारलं, जन्मतारीख विचारली. काकीने मला कोपराने ढोसलं, मी खरी तारीख सांगितली. कारकुनाने कार्डावरची सदाची तारीख पाहिली, माझी लिहिली आणि पेन वर उचललं.

"बाई, दोन मुलग्यांत चार महिन्यांचं अंतर?"

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. काकीने पदर खोचला.

"तुमका साखर देवची हा, की माझी बाळंतपणां मोजूची हत?"

रांग हसली. कारकून तरुण होता, कानापर्यंत लाल झाला आणि त्याने लिहिलं: मोहन, मुलगा. अशा रीतीने मी, मोहन घाडी, पंधराव्या वर्षी परबांच्या घरी जन्मलो. जन्माला साक्षीदार पुष्कळ होते, हे फार थोड्यांना लाभतं.

महिन्याभराने इन्स्पेक्टर तपासणीला आला. खोट्या नावांची तपासणी चालू होती आणि आमच्या चाळीत अशी नावं पुरेशी होती. तो दारात उभा राहिला. काकी चुलीपाशी होती, म्हणजे स्टोव्हपाशी. रॉकेलचा तो स्टोव्ह तिच्या बोलण्यात कायम चूलच राहिला. इन्स्पेक्टरने कार्ड उघडलं आणि मला एकट्याला विचारलं, "ही तुझी कोण?"

काय उत्तर द्यायचं हे मला पढवून ठेवलं होतं. पण गावाला माझी एक आई होती आणि पंधरा दिवसांपूर्वीच तिचं पत्र आलं होतं. तोंडातून आलं, "काकी."

काकीचा हात थांबला. इन्स्पेक्टरने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मोरीतून ओल्या अंगाने सदा बाहेर आला.

"आमी दोघंपण काकीच म्हणतो, साहेब. गावाला सगळी चुलतभावंडं काकी म्हणायची ना. तसंच पडलं तोंडात." आणि लगेच आत बघून, "काकी, टॉवेल दी गे!"

इन्स्पेक्टर स्वतः कोकणातला असावा. आपल्याकडे भावंडांच्या घोळक्यात वाढलेली पोरं आईला काकी म्हणतात, वहिनी म्हणतात, एवढंच काय बापाला भाऊ म्हणतात. त्याने टोपण लावलं, चहा घेतला आणि गेला. काकीने सदाला टॉवेल दिला आणि त्याच टॉवेलने मला एक फटका दिला.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण दुसऱ्या दिवशीही सदा तिला काकी म्हणाला. तिसऱ्या दिवशीही. चाळीत कुणी चुगली करू नये म्हणून असेल, असं मी धरून चाललो. मग दहावी झाली, चुगलीचं कारण संपलं, संप जाहीरपणे न संपता विरून गेला, परबकाकांना गिरणीने परत घेतलं नाही, पुढे ते वारले, आणि सदा आपल्या आईला काकीच म्हणत राहिला. का, हे मी कधी विचारलं नाही. सवय असेल. शत्रूबद्दल आपण जितका विचार करतो तितकाही मित्राबद्दल करत नाही.

दहावीला मला एकाहत्तर टक्के पडले, सदाला सेहेचाळीस. संस्कृतात मी पहिला आलो. लालबागेत त्याचा उपयोग काय, हे सांगायला गुरुजीही तयार नव्हते. सदा चिवड्याच्या गल्लीजवळ एका डंखावर लागला. डंख म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं ठेक्यात वरखाली होतात. परबकाका एकदा तिथे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज साच्यासारखो येता." मग पुन्हा गेले नाहीत. सदाच्या अंगाला कायमचा मिरचीचा वास लागला. त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला, म्हणजे मला, सर्दी म्हणून कधी झाली नाही.

मी कापड तंत्राचा डिप्लोमा केला, कारण तिथे प्रवेश सहज मिळत होता. गिरण्यांना कुलपं लागत होती आणि मी सूतकताई शिकत होतो. "बुडत्या होडीचं तिकीट काढणारा तूच," सदा म्हणे. पण होडी बुडते तेव्हा तिच्या फळ्या दुसरीकडे वाहत जातात. लालबागच्या गिरण्यांतले लोक, आणि काही ठिकाणी यंत्रंसुद्धा, बाहेरदेशी निघाली होती. इंडोनेशियात बांडुंगजवळच्या एका गिरणीला सुपरवायझर हवा होता. मी गेलो.

जाण्याआधी चाळीच्या मंडळाने माझा सत्कार केला. सत्कार हा आपल्या लोकांचा जुना आजार आहे. ज्याला द्यायला काही नाही तो शाल देतो. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या आणि सत्कारमूर्ती आठवा, त्यामुळे मी उभा. अध्यक्ष पस्तीस मिनिटं बोलले, त्यातली तीस स्वतःबद्दल. मागच्या कापडी फलकावर रंगाऱ्याला 'इंडोनेशिया' मावला नाही म्हणून त्याने लिहिलं होतं: 'मोहन घाडी यांस फॉरेनगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा.' समोर सदा पहिल्या रांगेत बसून इतका हसत होता की अध्यक्षांना वाटलं, भाषण रंगतंय. त्यांनी आणखी पाच मिनिटं घेतली.

विमानतळावर तो आत येऊ शकला नाही. काचेच्या दारापाशी त्याने मसाल्याची दोन किलोची पिशवी माझ्या हातात कोंबली. म्हणाला, "काकीने केलाय. चोरून खाऊ नकोस म्हणाली, वाटून खा." कुणाबरोबर, ते सांगितलं नाही.

बांडुंगला मी एकोणतीस वर्षं आहे. तिथली भाषा मला लवकर आली, याचं श्रेय त्या बिनकामाच्या संस्कृतला. तिथे कुटुंबाला 'कलुआर्गा' म्हणतात, जाणकार सांगतात की ते 'कुल' आणि 'वर्ग' यांचं कडबोळं आहे. प्रत्येक घराचं एक कुटुंबकार्ड असतं, गल्लीचा प्रमुख ते तपासतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी नकळत दोन मुलग्यांच्या जन्मतारखा ताडून बघितल्या. आणि तिथे परक्या माणसाला अदबीने म्हणतात 'सौदारा'. नोटिशीत सौदारा, भाषणात सौदारा-सौदारा, टॅक्सच्या पत्रातही सौदारा. मूळ शब्द आपला, सोदर. एका उदरातून आलेला, सख्खा भाऊ. ज्यांनी तो उचलला त्यांनी उदर वाटेत कुठेतरी सोडून दिलं आणि भाऊ तेवढा सगळ्यांना वाटला. टॅक्सच्या खात्याने मला वर्षातून एकदा सख्खा भाऊ म्हणावं, याची मला आता सवय झाली आहे.

तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांना हे ठाऊक असेल, जे राहिले त्यांना कदाचित नसेल: बाहेर राहणारा माणूस घरची बातमी कधी ताजी खात नाही. माझे वडील गेले, मग आई गेली. दोन्ही वेळा मी मालवणात तिसऱ्या दिवशी पोचलो. दोन्ही वेळा सदा माझ्या आधी पोचला होता. पहिल्या वेळी अग्नी त्याने दिला. भटजीने नातं विचारलं तेव्हा काय सांगितलं, असं मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं, रेशनकार्डावर बघा."

ते कार्ड मात्र चेष्टेपुरतं राहिलं नाही.

गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि त्यातली काही घरं जुन्या कामगारांना, ते नसतील तर वारसांना, सोडतीने मिळायची ठरली. सोडतीच्या समारंभाला सदा काकीला घेऊन गेला होता. त्याने सगळं मला फोनवर ऐकवलं. मंचावर पुष्पगुच्छ, बटण दाबायला पाहुणे, आणि 'गिरणी कामगार हा या शहराचा कणा आहे' असं वाक्य चार वक्त्यांनी म्हटलं. "कण्याला बसायला खुर्ची नव्हती रे," सदा म्हणाला, "काकी दोन तास उभी." पण नाव लागलं. परबकाकांचा गिरणीतला तिकीट नंबर पडद्यावर आला. काकीला आकडे वाचता येत, अक्षरं नाही; तिने तो सदाच्या आधी ओळखला. पस्तीस वर्षं तो तिने पितळी बिल्ल्यावर रोज पाहिला होता.

घर ही आता हौस राहिली नव्हती. घोडपदेवच्या चाळीला धोकादायक म्हणून नोटीस लागली होती. गॅलरीला टेकू होते. पावसाळ्याआधी खाली करा, नाहीतर कुठल्यातरी लांबच्या संक्रमण शिबिरात जा. सदा, त्याची बायको, मुलगी आणि ब्याऐंशी वर्षांची काकी.

मग सोडतीच्या कचेरीचं पत्र आलं. सदाने फोटो काढून पाठवला. 'अर्जासोबत सादर केलेल्या शिधापत्रिकेवर नमूद असलेला दुसरा पुत्र नामे मोहन याचे संमतिपत्र जोडलेले नाही. सबब सुनावणीस सर्व वारसांनी समक्ष उपस्थित राहावे, अन्यथा प्रतीक्षायादीतील पुढील अर्जदाराचा विचार करण्यात येईल.'

संपाच्या काळातला पत्त्याचा पुरावा म्हणून सदाने ते जुनं कार्ड जोडलं होतं. मी त्यात आहे, हे तो विसरला होता. मला याचा राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. घरात कपाट आहे हे कोण लक्षात ठेवतं?

एका वाकबगार माणसाने त्याला सल्ला दिला होता: भाऊ म्हणून सरळ संमती देऊन टाका. पण माझ्या पासपोर्टवर बापाचं नाव घाडी. तेव्हा एकच मार्ग उरला. मी समक्ष यायचं आणि शपथेवर लिहून द्यायचं की सदानंद परब हा माझा भाऊ नाही.

मी आलो. वकिलाने मजकूर तयार ठेवला होता: 'मी सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो की, उपरोक्त कुटुंबाशी माझे कोणतेही नाते नाही.' मी म्हटलं, 'रक्ताचे' घाला. तो म्हणाला, शब्द वाढले की शंका वाढतात. सदा म्हणाला, "कर रे सही. माझी काही तब्येत बिघडत नाही." मी केली.

काकी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. जेवायला वाढायची, पण मी मागून घ्यायच्या आधीच वाढायची. सुनावणीच्या सकाळी तिने कपाटातून कार्डाची मूळ प्रत काढली आणि ब्लाऊजमध्ये ठेवली. "माझ्याकडे दी," सदा म्हणाला. "खोडशात," ती म्हणाली. तेव्हा आम्हाला अर्थ कळला नाही.

कचेरीतल्या अधिकारी बाई तरुण होत्या, नीट बोलत होत्या. त्यांनी काकीला खुर्ची दिली. कार्ड मागितलं, काकीने ते टेबलावर ठेवलं, पण एका कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. बाईंनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं, कार्ड वाचलं आणि त्यांची नजर तारखांवर थांबली.

"दोन मुलगे... चार महिन्यांच्या अंतराने?"

पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न. मी काकीकडे बघितलं. या वेळी तिने पदर खोचला नाही.

"आजी, तेव्हा परिस्थिती काय होती ते मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "आता त्यावर कारवाई वगैरे काही होणार नाही. फक्त माझ्यासमोर सांगा, हे मोहन तुमचा मुलगा नाहीत. मी हे नाव कमी करते, की फाईल मोकळी."

काकीने कार्डावरचं बोट आणखी दाबलं.

"आजी?"

"नाव खोडूचा नाय," काकी म्हणाली.

"अहो, पण ते नाव चुकीचं आहे."

"ह्येंचा नाव खोडल्यानी." तिने कार्डावर दुसरं बोट ठेवलं. तिथे परबकाकांच्या नावावर लाल शाईची रेघ होती, बाजूला 'मयत'. "त्येंका पोचवून इल्यावर खोडल्यानी. जित्या माणसाचा नाव मी खोडूक देवचंय नाय. घर नको माका."

सदाच्या मागच्या खिशात चाळीची नोटीस होती. बाहेरच्या बाकावर आणखी बारा-पंधरा कुटुंबं थांबली होती. मी काकीला काही सांगणार होतो, पण काय? माझंच नाव होतं, त्यावर रेघ मारा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? बाईंनी घड्याळ पाहिलं.

सदा वाकला. "काकी, ऐक गे. नुसतं नाय म्हण. काकी, लोक खोळंबलेत."

बाईंचं पेन थांबलं.

"काकी?" त्यांनी सदाकडे पाहिलं. "तुम्ही अर्जदार ना? मुलगा? मग तुम्ही यांना काकी का म्हणता?"

सदा सरळ उभा राहिला.

"हे एक मोहन," बाई सावकाश म्हणाल्या, "जे मुलगा नाहीत आणि काकी म्हणतात. आणि तुम्हीही काकी म्हणता. मग यांचा मुलगा कोण?"

एरवी या प्रश्नावर मी हसलो असतो. सदाने जन्मदाखला काढला, शाळेचा दाखला काढला. बाई म्हणाल्या, कागद सगळेच आणतात. मला आधी हे समजावून सांगा. सदाला समजावून सांगायची सवय नाही. डंखावर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तो आयुष्यभर हातवाऱ्यांनीच बोलला. तो चिडल्यासारखा म्हणाला:

"मॅडम, ह्याची आई गावाला होती. ह्याला आमच्या आयेला आये म्हणता येईना. एका खोलीत मी आये म्हणणार आणि हा काकी म्हणणार. रोज. जेवताना, झोपताना. दर वेळेला ह्याला कळणार, की आपण बाहेरचे. मग मीच सोडलं. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे त्याने माझ्याकडे न बघता विचारलं. मीही खिडकीकडे बघत होतो. खिडकीबाहेर, मला चांगलं आठवतं, एक माणूस एसीच्या पत्र्यावर कपडे वाळत घालत होता.

मग सदा काकीच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आये. सांग."

काकीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी फार दिवसांनी गावाहून आलेल्या माणसाकडे पाहतं. मग माझ्याकडे. मग बाईंना म्हणाली:

"ह्यो पोटचो नाय. लिवा तसा. पण नाव खोडू नकात."

बाईंनी थोडा विचार केला. कार्ड काकीच्या बोटाखालून ओढलं नाही. फाईलच्या कागदावर त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'सदर मोहन हे अर्जदाराचे सोदर बंधू नाहीत, असे मातेने समक्ष कथन केले.' कार्ड जसं होतं तसं परत दिलं. त्या कचेरीत सोदर हा शब्द अजून जिवंत आहे, उदरासकट, याची मी नोंद घेतली. साडेचार हजार किलोमीटरवर मला सगळे म्हणतात ते मी इथे नाही, हे आता सरकारी कागदावर आहे.

परतताना आम्ही टॅक्सी केली. काकी मध्ये बसली होती. भायखळा आलं. मग ती म्हणाली, "काय रे सदा, मगाशी माका आये म्हटलंस?"

"म्हणूचा लागला. ऑफिस होता."

"झाला मा ऑफिस?"

"झाला."

"मगे आता परत काकीच म्हण." तिने ब्लाऊजवरून कार्ड चाचपलं. "ह्येका एकट्याक म्हणूक लावू नको."

ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघेही पन्नाशी उलटलेले, एकाचं पोट सुटलेलं, एकाचे केस गेलेले. सदाने नाक शिंकरलं. मिरचीचा माणूस, त्याला सर्दी होत नाही.

घर मिळालं. सोळावा मजला, सव्वादोनशे चौरस फूट, खिडकीतून गिरणीची उरलेली एक चिमणी दिसते. किल्ल्या द्यायचाही समारंभ झाला आणि कणा पुन्हा एकदा उभाच राहिला. दारावर पाटी लावायची म्हणून सदाने विचारलं, तुझंही नाव घालू का? मी म्हटलं, नको, पुन्हा सुनावणी लागेल.

गावचे कुणगे चुलतभाऊ करतो. लालबागची मामाची खोली कधीच पाडली. बांडुंगचं घर कंपनीचं आहे, पुढच्या वर्षी निवृत्त झालो की सोडायचं. बायको विचारते, मग आपलं घर नक्की कुठलं? मी वाचलेल्या पुस्तकांत या प्रश्नाची उत्तरं फार सुंदर आहेत आणि त्यातलं एकही मला उपयोगी पडलेलं नाही. ज्याला आपल्यासाठी स्वतःच्या आईलाही काकी म्हणणारा कुणी भेटला, त्याने पत्त्याची फार चौकशी करू नये, एवढं मला कळतं.

रविवारी मी फोन करतो. बांडुंगला दुपार झालेली असते, मुंबईत अजून सकाळ. सदा उचलतो, हवापाणी विचारतो, लिफ्ट बंद असल्याची तक्रार करतो. मग आत तोंड करून ओरडतो. सोळाव्या मजल्यावर डंखाचा आवाज नाही, तरी ओरडतो.

"काकी! मोहनचा फोन!"

आणि मला म्हणतो, "थांब. काकीक देतंय."